सरोवरातील ट्रोलिंग आणि ऋतुविचार : कटथ्रोट ट्राउट व दख्खनी महसीर यांच्या विशेष संदर्भात

गोषवारा

चालत्या होडीमागे आमिष ओढत नेऊन मासा गळाला लावण्याची ट्रोलिंग ही पद्धत उत्तर अमेरिकेतील सरोवरांत वसंत ऋतूमध्ये कटथ्रोट ट्राउट या माशासाठी विशेष वापरली जाते. या पद्धतीमागील भौतिक व जैविक कारणे प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहेत. तसेच पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या जलाशयांत व मुळा नदीच्या खोऱ्यात तिचा विचार करताना कोणते फरक लक्षात घ्यावे लागतात, याची चर्चा केली आहे. ऋतू हा पंचांगातून नव्हे तर पाण्यातून व माशाच्या जीवनक्रमातून वाचावा लागतो, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : ट्रोलिंग, कटथ्रोट ट्राउट, दख्खनी महसीर, मुळशी तलाव, मुळा नदी, वळवण, विणीचा काळ.

१. प्रस्तावना

गळाने मासे धरणे हा मानवाच्या अत्यंत प्राचीन उद्योगांपैकी एक होय. आपल्या परिसरात त्याची शास्त्रोक्त नोंदही जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद हे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांची वसतिस्थाने, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाने मासा धरण्याची रीत यांचा त्यात विचार केलेला आढळतो. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. म्हणजे कोणता मासा, कोणते पाणी आणि कोणते आमिष हे तीन प्रश्न दख्खनच्या परंपरेला परके नाहीत.

आज मात्र मासेमारीविषयीची माहिती प्रामुख्याने पाश्चात्त्य पुस्तके व चलच्चित्रे यांतून येते. वसंतात सरोवरावर होडी घालावी, मागे चकाकते आमिष सोडावे व मंद गतीने फिरावे, हा त्यांतील एक नेहमीचा उपदेश. तो ज्या पाण्यासाठी दिला गेला त्या पाण्यासाठी तो योग्यच आहे. परंतु तोच उपदेश मुळशीच्या तलावाला जसाच्या तसा लागू पडतो काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पुणे शहराच्या पश्चिमेस मुळा नदीच्या खोऱ्यात वसलेल्या नांदे व शेजारच्या गावांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ हौशी शिकाऱ्यांचा नाही. नदीत कोणते मासे उरावेत याच्याशीही तो जोडलेला आहे.

२. संज्ञेचे स्पष्टीकरण

प्रथम एका गोंधळाचे निरसन करणे आवश्यक आहे. मराठी वृत्तपत्रांतून 'ट्रॉलिंग' हा शब्द कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांच्या संदर्भात येतो. तेथे पिशवीसारखे मोठे जाळे समुद्राच्या तळावरून किंवा मधल्या थरातून ओढले जाते व वाटेत येणारे लहानमोठे जीव सरसकट त्यात सापडतात. 'ट्रोलिंग' ही पद्धत याहून सर्वस्वी भिन्न आहे. तीत जाळे नसते. एक वा दोन दोऱ्या, प्रत्येकीच्या टोकाला एक आमिष व गळ एवढेच साहित्य होडीमागून ओढले जाते. समाजमाध्यमांवरील टवाळीसाठीही हाच शब्द आता रूढ झाल्याने गोंधळात भर पडली आहे. प्रस्तुत लेखात ट्रोलिंग म्हणजे 'ओढत्या गळाची मासेमारी' एवढाच मर्यादित अर्थ अभिप्रेत आहे.

३. पद्धतीचे स्वरूप

काठावर बसून गळ टाकणारा माणूस माशाची वाट पाहतो. ट्रोलिंग करणारा माशाच्या शोधात निघतो. होडीची गती ताशी ३ किलोमीटर धरली तर ती मिनिटाला ५० मीटर आणि तासाला ३००० मीटर अंतर कापते. विस्तीर्ण सरोवरात मासे विरळ व विखुरलेले असतात. तेथे एवढे पाणी चाळून काढणे हेच या पद्धतीचे मुख्य बळ होय.

आमिष बहुधा कृत्रिम असते. चमच्याच्या आकाराचा, किंचित वाकवलेला धातूचा पत्रा पाण्यातून ओढला असता डावीउजवीकडे हेलकावे खातो. दुसऱ्या प्रकारात दांड्याभोवती गरगर फिरणारे पाते असते. दोन्हींचा हेतू जखमी वा घाबरलेल्या लहान माशाचा भास निर्माण करणे हा आहे. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंस असलेली पार्श्वरेषा पाण्यातील सूक्ष्म कंपने टिपते. त्यामुळे आमिष दिसण्यापूर्वीच त्याची चाहूल माशाला लागू शकते. पात्याच्या फिरण्याने तंगुसाला पीळ बसू नये म्हणून मध्ये फिरती कडी जोडतात.

आमिष किती खोल जाईल हे चार गोष्टींवर ठरते : तंगुसाची सोडलेली लांबी, त्याची जाडी, जोडलेले वजन आणि होडीची गती. यांपैकी गतीचा प्रभाव नवख्याच्या लक्षात येत नाही. पाण्याचा अवरोध ढोबळमानाने गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गती दुप्पट झाली की अवरोध सुमारे चौपट होतो आणि आमिष वर उचलले जाते. म्हणून खोल जावयाचे असल्यास गती कमी करावी, शिसे वाढवावे किंवा शिशाचा गाभा असलेली दोरी वापरावी लागते. फार खोलीसाठी जड गोळा तारेने खाली सोडून त्याच्या चिमट्यात तंगूस अडकवण्याचे साधनही वापरतात. मासा लागताच तंगूस चिमट्यातून सुटते.

होडी सरळ रेषेत न नेता नागमोडी नेण्याचा प्रघात आहे व त्याला कारण आहे. वळणावर बाहेरच्या बाजूचे आमिष वेग घेते व वर येते, आतल्या बाजूचे मंदावते व खाली जाते. मासा वारंवार बाहेरच्या आमिषाला लागू लागला तर त्याला अधिक गती वा कमी खोली हवी आहे असे अनुमान करता येते. आतल्या आमिषाला लागला तर याच्या उलट. याप्रमाणे प्रत्येक वळण हा एक छोटा प्रयोग ठरतो.

४. वसंतच का? थंड सरोवराचे गणित

शुद्ध पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअस तापमानाला सर्वाधिक असते. या एका गुणधर्मावर थंड प्रदेशातील सरोवरांचे संपूर्ण वर्ष अवलंबून आहे. हिवाळ्यात पृष्ठभागावर बर्फ असते आणि खालचे पाणी ४ अंशांच्या आसपास राहते. वसंतात बर्फ वितळून पृष्ठभागाचे पाणी ४ अंशांपर्यंत तापले की वरच्या व खालच्या पाण्याची घनता जवळजवळ सारखी होते. मग वारा संपूर्ण सरोवर तळापर्यंत ढवळू शकतो. तळाशी साठलेली पोषकद्रव्ये वर येतात, प्राणवायू खाली जातो. त्यानंतर काठालगतचे उथळ पाणी आधी तापते व तेथे कीटक व लहान मासे प्रथम हालचाल करू लागतात.

थंड पाण्याचा रहिवासी असलेला ट्राउट या दिवसांत पृष्ठभागाजवळ व काठालगत मुक्तपणे वावरतो, कारण त्याला सोसवणारे तापमान सर्व थरांत उपलब्ध असते. म्हणून वसंतात जड शिसे वा खोलीची साधने न वापरताही साध्या तंगुसावर तो लागतो. उन्हाळ्यात वरचा थर तापून हलका होतो, मधे तापमानाची तीव्र उतरंड तयार होते आणि ट्राउट तिच्याखाली उतरतो. तेव्हा त्याच मासेमारीला महागडी उपकरणे लागतात. वसंतातील ट्रोलिंगची लोकप्रियता ही अशी पाण्याच्या घनतेतून निपजलेली आहे.

येथे एक बाब विशेष नमूद करावयास हवी. कटथ्रोट ट्राउट हा वसंतात विणणारा मासा आहे. बर्फाचे पाणी ओढ्यांना आले की प्रौढ मासे सरोवर सोडून ओढ्यांच्या खडेदार तळाकडे निघतात. म्हणजे ज्या काळात तो सहज सापडतो त्याच काळात तो विणीच्या वाटेवर असतो. तेथील मासेमारीच्या नियमांत ओढे, त्यांची मुखे व विणीचे महिने यांविषयी निर्बंध आढळतात, ते यामुळेच.

५. पिरॅमिड सरोवराचा धडा

खालच्या जबड्याखाली असणाऱ्या तांबड्या रेघांमुळे या माशास कटथ्रोट, म्हणजे 'गळा चिरलेला', असे नाव पडले. त्याचे शास्त्रीय नाव ऑन्कोरिन्कस क्लार्की हे अमेरिकेच्या पश्चिम भागाचा शोध घेणाऱ्या विल्यम क्लार्क यांच्या स्मरणार्थ आहे. नेवाडा राज्यातील पिरॅमिड सरोवर या माशाच्या लाहोंटन या उपजातीसाठी प्रसिद्ध होते. १९२५ मध्ये तेथे ४१ पौंड, म्हणजे सुमारे साडेअठरा किलो वजनाचा मासा धरला गेला व तो विक्रम या जातीसाठी आजही सांगितला जातो.

त्या सरोवराला पाणी पुरविणाऱ्या ट्रकी नदीवर १९०५ मध्ये डर्बी बंधारा बांधण्यात आला व नदीचे पाणी शेतीसाठी दुसऱ्या खोऱ्याकडे वळविण्यात आले. सरोवराची पातळी घसरली, नदीच्या मुखाशी गाळाचे उथळ पट्टे तयार झाले आणि विणीसाठी वर जाण्याची माशांची वाट बंद झाली. १९४० च्या दशकापर्यंत तेथील मूळ कुळाचा मासा नाहीसा झाला. पुढे दूरच्या एका डोंगरी ओढ्यात पूर्वी कधीतरी नेऊन सोडलेल्या माशांचे वंशज सापडले. त्यांचे नाते जनुकीय तपासणीने पिरॅमिड सरोवराशी जुळले आणि २००६ पासून त्यांची पिल्ले मूळ सरोवरात पुन्हा सोडली जाऊ लागली. पिरॅमिड लेक पाययूट या आदिवासी समाजाच्या ताब्यातील या सरोवरावर आज पुन्हा मासेमारी होते.

गळाने मासा संपला नव्हता. तो वळविलेल्या पाण्याने संपला. ही गोष्ट सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाचकास परिचित वाटल्यास नवल नाही.

६. मुळा-मुठेचा मासा : दख्खनी महसीर

महाराष्ट्रात ट्राउट नैसर्गिकरीत्या आढळत नाही. काश्मीर, निलगिरी व मुन्नार येथे तो इंग्रज अमदानीत आणून सोडण्यात आला. आपल्याकडे शिकारी माशाचे स्थान महसीरकडे जाते. पुणेकरांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे दख्खनी महसीरचे शास्त्रीय नामकरण पुण्याच्या पाण्यातूनच झाले. मुंबई सरकारच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनची सांख्यिकीय पाहणी करताना येथील माशांचाही अभ्यास केला. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळालेल्या माशाचे वर्णन त्यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. 'खुदरी' हे स्थानिक नावच त्यांनी जातिनाम म्हणून स्वीकारले. आज हा मासा टॉर खुदरी या नावाने जगभर ओळखला जातो. नांदे परिसरातून वाहणारी मुळा पुढे पवना व मुठा यांना मिळून ज्या प्रवाहाचा भाग होते, त्याच प्रवाहाचे नाव अशा रीतीने मत्स्यशास्त्रात नोंदले गेले आहे.

महसीर व ट्राउट यांत महत्त्वाचे भेद आहेत. ट्राउटच्या जबड्यात दात असतात. महसीर हा रोहू-कटल्याच्या कुळातील असल्याने त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो जाड ओठांनी भक्ष्य पकडतो व घशातील दातांनी चिरडतो. ट्राउट मांसाहारी आहे. महसीर शेवाळ, फळे, शिंपले, कीटक व लहान मासे असे सर्व काही खातो. तरीही हलत्या आमिषावर तो झडप घालतो, हे हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी १८७३ च्या 'द रॉड इन इंडिया' या ग्रंथात विस्ताराने दाखविले आहे. चमच्याचे व फिरत्या पात्याचे आमिष महसीरसाठी वापरण्याची परंपरा अशी दीडशे वर्षांची आहे. तेव्हा ट्रोलिंगचे तंत्र येथे चालणार नाही असे म्हणता येत नाही. प्रश्न तंत्राचा नसून ऋतूचा आहे.

७. मुळशी तलावाचा वसंत

मुळशीचा तलाव नैसर्गिक सरोवर नव्हे. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी नीळा-मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून तो निर्माण करण्यात आला. त्यात बुडणाऱ्या मावळी गावांच्या वतीने १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मुळशी सत्याग्रह सुरू झाला व सेनापती बापट यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. भिरा येथील वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. पूर्वेस भीमेकडे जाणारे पाणी सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेस कोकणात उतरविले जाते व त्या उतारावर वीज निर्माण होते. साहजिकच धरणाखालील मुळेला पावसाळ्यातील विसर्ग व वाटेतील ओढेनाले यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहावे लागते.

या तलावावर बर्फ पडत नाही, त्यामुळे बर्फ वितळल्यानंतरची घुसळणही नाही. त्याचे वर्ष मोसमी पावसाभोवती फिरते. भाद्रपद-आश्विनात तो भरलेला असतो. वीजनिर्मितीमुळे पातळी उतरत जाते व ज्येष्ठात ती सर्वांत खाली असते. थंडीत पृष्ठभागाचे पाणी गार होऊन खाली बसते व थर मिसळतात. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, खालच्या थराशी त्याची देवघेव मंदावते आणि उष्ण प्रदेशातील खोल जलाशयांत तळाशी प्राणवायूची टंचाई निर्माण होऊ शकते. तिकडचा ट्राउट उन्हाळ्यात खोल पाण्यात आश्रय घेतो. इकडच्या माशाला तो आश्रय नेहमीच उपलब्ध असतो असे नाही.

प्राणवायूचे गणित यात निर्णायक आहे. समुद्रसपाटीच्या दाबाला १० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. २५ अंशांला हे प्रमाण सुमारे ८ मिलिग्रॅमवर येते. उलट तापमान वाढले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. गळाशी झुंजून थकलेला मासा थंड पाण्यात सोडला तर सावरण्याची शक्यता अधिक, गरम पाण्यात कमी. 'धरा आणि सोडा' हे तत्त्व पाळणाऱ्यानेही वैशाखाच्या दुपारी सोडलेला मासा पोहत गेला म्हणून जगला असे समजू नये.

म्हणजे शब्द एकच, वसंत, परंतु पाणी परस्परविरोधी. तेथील वसंतात सरोवर वर्षातील सर्वाधिक ढवळलेले व प्राणवायूने समृद्ध असते. येथील चैत्र-वैशाखात तलाव उतरणीला लागलेला, तापलेला व थरांत विभागलेला असतो. उतरत्या पाण्यात मासे थोड्या जागेत एकवटतात, म्हणून ते सहज सापडतात हे खरे. पण सहज सापडणे व धरणे योग्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. याखेरीज पातळी उतरल्यावर बुडालेल्या बांधांचे, भिंतींचे व खोडांचे अवशेष पृष्ठभागाजवळ येतात आणि ओढत्या गळाला ते अडथळे ठरतात. पवना जलाशयात उन्हाळ्यात वाघेश्वराचे मंदिर पाण्याबाहेर येते, हे त्याचे ठळक उदाहरण. तिकडच्या वसंताशी पाण्याच्या दृष्टीने जुळणारा आपला काळ शोधावयाचा झाल्यास तो कार्तिक ते माघ हा होय. थंडीत महसीरची भूक मंदावते, म्हणून शिकाऱ्याच्या हाती कमी लागेल. परंतु जे लागेल ते पुन्हा पाण्यात जगण्याची शक्यता अधिक राहील.

८. वीण कधी? वळवणचा अनुभव

दुसरा भेद विणीच्या काळाचा. कटथ्रोट वसंतात विणतो, दख्खनी महसीर पावसाळ्यात. या विषयाचा पायाभूत अभ्यास लोणावळ्यात झाला ही आपल्या जिल्ह्याची दुसरी मोठी देणगी होय. महाराष्ट्राच्या मत्स्य विभागाचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी दख्खनी महसीरची वीण, अंडी व आरंभीची वाढ यांविषयीचा शोधनिबंध १९७० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच सुमारास टाटांच्या वळवण येथील केंद्रात महसीरची कृत्रिम पैदास सुरू झाली व श. ना. ओगले यांनी ते कार्य दीर्घकाळ चालविले.

पावसाच्या पाण्याने ओढे वाहू लागले की पक्व नर-माद्या प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वर जाऊ लागतात. आषाढ ते भाद्रपद हा त्यांचा विणीचा मुख्य काळ. केंद्रात अशा पक्व माशांच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी व रेत काढले जाते, ते एकत्र करून फलन घडविले जाते आणि मासे परत पाण्यात सोडले जातात. अंडी मोठी, पिवळसर सोनेरी व तळाशी बसणारी असतात. सुमारे तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. रोहू-कटल्याच्या तुलनेत अंड्यांची संख्या कमी असल्याने एकेका मादीचे मोल अधिक ठरते. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने दूरवर पाठविता येतात, हे कुलकर्णी व ओगले यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. पाण्याने भरलेले जड डबे न पाठविता ओलसर कापसाची पुडकी पाठविण्याची ही युक्ती साधी पण परिणामकारक होती.

यावरून आपल्या खोऱ्यासाठी नियम उघड होतो. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते हे सर्वपरिचित आहे. गोड्या पाण्यातील महसीरसाठी मात्र केवळ एवढ्या अवधीवर समाधान मानता येणार नाही, कारण त्याची वीण त्यापुढेही चालू असते.

९. चांगल्या हेतूची दुसरी बाजू

वळवणच्या पिलांनी महाराष्ट्राबाहेरील अनेक जलाशय व नद्या वसविल्या. कावेरीतही ही पिल्ले सोडण्यात आली. त्या काळी महसीर वाढविणे म्हणजेच महसीर वाचविणे असे मानले जात होते आणि त्यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महसीर होता. दख्खनी महसीर तेथे वाढला, मूळचा मासा घटत गेला. २०१८ मध्ये संशोधकांनी या मूळ माशाची ओळख टॉर रेमादेवी या नावाने निश्चित केली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त गटात केला. एका खोऱ्यातील भूषण दुसऱ्या खोऱ्यात आक्रमक ठरू शकते, याचा हा पुरावा होय.

कटथ्रोटच्या प्रदेशातही असेच घडले. यलोस्टोन सरोवरात १९९४ मध्ये लेक ट्राउट हा बाहेरचा मासा आढळला. तो स्थानिक कटथ्रोट खातो व खोल पाण्यात विणतो. कटथ्रोट वसंतात ओढ्यांत चढत असे आणि अस्वले व मत्स्यगरुड त्यावर पोसले जात. नवा मासा ओढ्यांत येत नाही, त्यामुळे त्या प्राण्यांचा घासही हरपला. तेथे आज जाळी लावून बाहेरचा मासा काढण्याचे काम वर्षानुवर्षे चालू आहे.

दख्खनी महसीरची वर्गवारी पूर्वी संकटग्रस्त अशी होती. अलीकडच्या मूल्यांकनात ती कमी चिंतेच्या गटात आणली गेली आहे. हे समाधानकारक असले तरी जातीची जगभरातील स्थिती व एखाद्या नदीतील स्थिती या एक नव्हेत. पुण्याच्या नद्यांतील माशांची १९४० च्या दशकात फ्रेझर व सूटर यांनी नोंद केली होती. पुढे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे परिसरातील अभ्यासांत जुन्या नोंदींतील अनेक जाती आढळल्या नाहीत व बाहेरून आलेल्या जातींची भर पडल्याचे दिसून आले. सांडपाणी, वाळूउपसा, अडविलेला प्रवाह व तिलापियासारखे परके मासे यांचा एकत्रित परिणाम कोणत्याही गळापेक्षा मोठा आहे.

१०. स्थानिक परंपरा व नांदे परिसर

माशाला अभय देण्याची आपली परंपरा कायद्याहून जुनी आहे. महाड तालुक्यातील वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून महसीर धरले जात नाहीत. वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या डोहात तिळसेश्वराच्या मंदिराजवळ, तसेच देहू येथे इंद्रायणीच्या डोहात माशांना श्रद्धेने जपले गेले. या ठिकाणांचे वैशिष्ट्य म्हणजे ती सर्व खोल डोह आहेत. उन्हाळ्यात प्रवाह आटला तरी प्रौढ मासे तेथे तगतात व पावसाळ्यात पुन्हा नदीभर पसरतात. श्रद्धेने नेमकी तीच जागा राखली जी जीवशास्त्रानेही सुचविली असती. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने सुरुंग व विष यांच्या साहाय्याने मासे मारण्यास मनाई केली. डोहांच्या परंपरेने त्यापुढे जाऊन जागाच राखीव केली.

नांदे, चांदे, लवळे, माण हा मुळेकाठचा पट्टा झपाट्याने नागरी होत आहे. येथे राहावयास आलेल्या तरुणांपैकी काहींना गळाची हौस असते. भोई, कोळी व कातकरी समाजातील मच्छीमारांसाठी मात्र तेच पाणी उपजीविकेचे साधन असते. मुळशीचा तलाव कंपनीच्या ताब्यातील असल्याने तेथे होडी घालण्यापूर्वी रीतसर परवानगी घेणे अनिवार्य आहे. या पार्श्वभूमीवर पुढील बाबी सुचवाव्याशा वाटतात.

(अ) आषाढ ते भाद्रपद या काळात तलावास मिळणाऱ्या ओढ्यांच्या मुखाशी व नदीतील खडेदार उथळ पात्रात हौशी मासेमारी स्वेच्छेने बंद ठेवावी.

(आ) चैत्र-वैशाखात मासा सोडून देण्याच्या भरवशावर ट्रोलिंग करू नये. करावयाचेच असल्यास पहाटे, काटा दाबून बोथट केलेल्या एकेरी गळाने व मासा पाण्याबाहेर न काढता करावे.

(इ) कोणत्याही समारंभानिमित्त नदीत बाहेरची पिल्ले सोडू नयेत. महसीर सोडावयाचा असल्यास तो याच खोऱ्यातील कुळाचा असल्याची खात्री तज्ज्ञांकडून करून घ्यावी.

(ई) महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मच्छीमारांच्या मदतीने दरमहा जाळ्यात येणाऱ्या माशांची, पाण्याच्या तापमानाची व विरघळलेल्या प्राणवायूची नोंद ठेवावी. तापमापक व साधा तपासणी संच एवढ्यावर हे काम होऊ शकते. अशा नोंदी दहा वर्षे साठल्या तर साइक्स यांच्या कामाला योग्य पुरवणी मिळेल.

(उ) नियम ठरविताना मच्छीमारांना प्रथम विचारावे. डोह कोठे आहे व मासा केव्हा चढतो हे ज्ञान त्यांच्यापाशी पुस्तकांहून अधिक आहे. शिवाय बंदीचा भार प्रथम त्यांच्यावरच पडतो.

११. निष्कर्ष

ट्रोलिंग ही साधी, अल्पखर्चाची व जाळ्याच्या तुलनेत निवडक पद्धत आहे. गती, खोली व आमिषाची हालचाल यांचे तिचे नियम पदार्थविज्ञानाचे असल्याने ते पिरॅमिड सरोवरात व मुळशीच्या तलावात सारखेच लागू पडतात. ऋतूचे नियम मात्र प्रत्येक पाण्याचे वेगळे असतात. कटथ्रोटसाठी वसंत हा ढवळलेल्या थंड पाण्याचा व विणीचा काळ आहे. दख्खनी महसीरसाठी तोच काळ आटत्या, तापत्या पाण्यात पावसाची वाट पाहण्याचा आहे. त्याची वीण अद्याप व्हावयाची असते आणि त्या वेळी धरलेली प्रत्येक मोठी मादी म्हणजे येत्या पावसाळ्यातील अंड्यांची घट होय.

म्हणून परदेशातील तंत्र घ्यावे, पण त्याचे वेळापत्रक घेऊ नये. ज्या माशाला जगाने आपल्या नदीतून घेतलेल्या नावाने ओळखले, तो त्या नदीत दिसत राहणे ही जबाबदारी प्रथम नदीकाठच्या गावांची व त्यांच्या शिक्षणसंस्थांची आहे.